मुकुटबनच्या टेकडीवर ऐकलेली अंगाई

आधीच सांगते, भूतखेत, जिन, बाहेरची बाधा... यातलं मी काही मानत नाही. लहानपणी मोहल्ल्यातल्या बायका ताविज बांधायच्या तेव्हाही मला हसू यायचं, अजूनही येतं. तरी हे लिहिते आहे. ज्यांना माझ्यावर हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

मी शमीम. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. कमल राठोड माझ्याकडे पिको-फॉलचं काम करायची. ती बंजारा, माझ्याच वयाची. कापसाच्या वाईट दिवसांची ती वर्षं. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणानं. बाहेरून कॅमेरे घेऊन गाड्या यायच्या, रडणारं घर शोधायच्या आणि निघून जायच्या. एक दिवस कमल चिडून म्हणाली, "आपल्या जिल्ह्यात पाहासारखं दुसरं काहीच नाही का वं?"

मग आम्ही ठरवलंच. दुकान बंद असलं की एसटीत बसायचं, नाव आवडेल त्या गावाला उतरायचं आणि पायी भटकायचं. माझे दीर म्हणाले, बायांनी बिनकामाचं फिरायचं कायले? मी म्हटलं, बिनकामाचंच फिरायचं आहे, कामाचं फिरून झालं.

कमलबद्दल एक सांगायला हवं. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. बाप त्याआधीच वारलेला, म्हणून काकानं नेरला वाढवलं. आईचा फोटो नाही, आईकडच्यांशी जाणं-येणं नाही. घरात एकच सांगत आले – तुझी आई तुले टाकून माहेरी निघून गेली, तिथंच मेली. कमल हे फार बोलायची नाही, पण गिळलेलं दिसायचं.

तर, दिवाळीनंतर आम्ही मुकुटबनला गेलो. आदल्या रात्री वणीला माझ्या नात्यात मुक्काम केला आणि सकाळची बस धरली. स्टँडवर एकानं विचारलं, कोणाकडे आल्या? कमल म्हणाली, कोणाकडेच नाही, पाहाले आलो. त्याला ते काही पटलं नाही. गावाबाहेर शेतांमध्ये वेचणी चालू होती. पुढे सागाचं जंगल, मग एक बुटकी टेकडी. वर मोहाचं झाड होतं, त्याखाली आम्ही डबा उघडला. दुपारचं लख्ख ऊन... खालचा नाला पार कोरडा.

आणि नाल्याकडून एका बाईचं गाणं ऐकू आलं.

मोठा आवाज नव्हता. मूल मांडीवर असल्यावर बाई गुणगुणते ना, तसं. मला वाटलं, कोणी वेचणारी सावलीत बसली असेल. पण कमलचा हात घासासकट थांबला. "हे गोरबोली आहे, आमची बंजाऱ्यांची," ती म्हणाली. मग पुन्हा ऐकून म्हणाली, "शमीम, ते झुमरी म्हणून राह्यली. झुमरी मी आहो."

मला हे नाव माहीत नव्हतं. तिच्या पाळण्यातलं नाव, काकाच्या घरी कोणी घेत नसे. ती उठली आणि काट्याकुट्यांतून खाली धावली. मी जागची हलले नाही... भीतीनं नाही, गाणं संपू नये म्हणून. शब्द कळत नव्हते. चाल मात्र शेवटपर्यंत ऐकली, शब्दांसकट कानात बसली.

खाली कोणी नव्हतं. पलीकडे एक कोलाम आदिवासी म्हातारा शेळ्या चारत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. म्हणाला, इथं जवळपास तांडाही नाही.

परतीच्या बसमध्ये कमल एकच बोलली – मले महागावला जायचं आहे, मावशीकडे. महागावजवळच्या तांड्यात तिच्या आईची बहीण राहते, एवढंच तिला ठाऊक होतं. पुढच्या सुट्टीत गेलो. मावशी थकलेली, दाराशी बाजेवर बसली होती. कमल कोण हे कळल्यावर तिनं दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून ठेवला. मग कमल म्हणाली, "शमीम, म्हण."

मी म्हटलं. उच्चार नक्कीच वाकडेतिकडे असतील. पहिल्या ओळीलाच मावशीच्या डोळ्यांना पदर लागला. शेवटच्या ओळीला ती म्हणाली, "हे तुले कोणी सांगतलं? हे तर माह्या बहिणीनं सोताच जोडलं होतं. ते गेल्यावर कोणीच म्हटलं नाही."

तिनं अर्थ सांगितला. झुमरी, झोप गं, नाही तर मी तुझ्याआधी झोपीन. आणि शेवटची ओळ, जी कमलनं धावण्याच्या नादात ऐकलीच नव्हती – मी आधी झोपली तर मले उठवू नको, माह्या कुशीतच राह्य.

मग मावशीनं सगळं सांगितलं. आई टाकून गेली नव्हती. तापानं फणफणलेली, लेकीला कडेवर घेऊन माहेरी आली होती. गेली तेव्हा पोर तिच्या कुशीतच होती. काका मागून येऊन पोरीला नेरला घेऊन गेला.

नेरला उतरल्यावर कमल थेट काकाच्या ओट्यावर गेली. वाटेत पाठ केलेलं ते गाणं तिनं उभ्या उभ्या अख्खं म्हटलं. काकानं मान खाली घातली. खाली पाहतच विचारलं, कोणी शिकवलं? कमल म्हणाली, "जिचं होतं तिनं."

नंतर सल्ले भरपूर मिळाले. मावशीच्या तांड्यातला भगत म्हणाला, त्या टेकडीकडं जाऊ नका. आम्ही पुढच्याच महिन्यात गेलो, मग आणखी दोनदा. पुन्हा काही ऐकू आलं नाही, मोहाखाली जेवून आलो. एका शिकलेल्या पाहुण्यानं समजावलं, तान्हेपणीची आठवण असते मनात, ती कानात वाजते. असेल बा. कमलच्या मनात असेल. पण मी नेरच्या मोमीनपुऱ्यात वाढलेली, गोरबोलीचा एक शब्द न येणारी... माझ्या मनात ती शेवटची ओळ कोणी ठेवली? आणि मावशी सांगते, मुकुटबनला तिची आई कधी गेलीच नव्हती, मग त्या टेकडीवर कशी?

मला माहीत नाही. आजही नाही. पण कोणी म्हटलं की तुम्ही ऐकलंच नाही, तर मी ते गाणं त्याच्यासमोर म्हणून दाखवते. शेवटच्या ओळीपर्यंत.