कवठाच्या फांदीवरची रेंज

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवते. कुणी भुताटकी सांगायला लागलं की "तेव्हा झोप नीट झाली होती ना?" एवढंच मी विचारते. आता तुम्ही मला तेच विचाराल... विचारा. झोप झाली होती, आणि लख्ख ऊन होतं.

आमचं घर हिवरखेडला, तेल्हारा तालुक्यात. माय तिथे एकटी असते. धाकटा भाऊ अमोल जर्मनीत, एका कारखान्यात. पूर्वी घरात रेंज औषधालाही नसायची. मिळायची ती अंगणाच्या टोकाला, कवठाच्या एका फांदीपाशी! मग फोन आपोआप उचलला जाऊन स्पीकरवर लागेल अशी सेटिंग मी करून दिली. माय मोबाईल कापडी थैलीत घालायची, कवठं पाडायच्या आकडीनं थैली फांदीला अडकवायची आणि खाली बसून वर बघत लेकाशी बोलायची. अमोलला सर्दी झाली की अख्ख्या गल्लीला कळायचं.

गेल्या दिवाळीत मी घरात वायफाय बसवलं. चोवीस तास नेट – आता अमोल म्हणजे जणू शेजारच्या खोलीत. मायनं पहिल्याच दिवशी तो मोबाईल नेऊन झाडाला टांगला आणि कॉल कट! वायफाय तिथवर पोचत नाही, हे तिला काही केल्या पटेना.

पण नेट आलं आणि अमोलचे फोनच कमी झाले. "बिझी आहे, नंतर करतो," एवढा मेसेज. माय त्याच्या नावाजवळचा हिरवा ठिपका बघत बसायची.

"जागा तं हाये तो. मंग बोलत काहून नाई?"

पोरगा आपला राहिला नाही की काय, ही भीती मलाही होतीच. फक्त मी ती बोलून दाखवत नव्हते.

संक्रांतीला मी गावी गेले होते. दुपारी लाइट गेली, वायफाय बंद. मायचा मोबाईल घरात फळीवर, बॅटरी संपून पडलेला. माझ्या फोनला रेंज नाही. माय कवठाखाली तुरीच्या शेंगा सोलत होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले. आणि वरून आवाज आला –

"जेवली का व माय?"

अमोलचा. अगदी स्पष्ट. मायनं सवयीनं वर पाहिलं.

"जेवली कवाचीच. तू?"

"बसलो आता. एकट्याच्यानं घास उतरत नाई."

"तुरीच्या दान्याचा सोलेभात केला व्हता रे. तुह्याबिगर मलेबी ग्वाड नाई लागला."

पुढे काही आलं नाही. माझे डोळे वाहत होते, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी फांदीला अजून लटकलेली ती जुनी थैली आकडीनं खाली ओढली. रिकामी होती. मायला मात्र त्याचं काहीच नवल नव्हतं. "बोलला ना पोरगा," म्हणाली, आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

रात्री लाइट आल्याबरोबर मी अमोलला फोन लावला. मी काही सांगायच्या आतच तो म्हणाला, "ताई, आज डबा खातानी मायची लय याद आली. मोबाईल तं आमचा कामावर लॉकरमंदीच असते. मनातल्या मनातच बोललो तिच्याशी. सोलेभात केला म्हने..."

मग तोच हळूच म्हणाला, "तू बी व्हती ना तिथं? रडून राहिली व्हती. मंग बोलली काहून नाई?"

नेटवाल्या दोघातिघांना विचारून झालं. ते हसले, मीही हसलेच असते. त्यामागचं कारण मला आजही सापडलेलं नाही, आणि खरं सांगते, मी ते शोधणंही सोडलंय. मला एकच हुरहुर आहे... पुन्हा तसा आवाज आला, तर या वेळी मी गप्प बसणार नाही. "अमोल, घरी ये रे," एवढं म्हणायचं राहिलंय.