दोन्हीकडची खुशाली

जालना जिल्हा नवा-नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. बी.ए.ला माझा मुख्य विषय मराठी, आणि जोडीला दुय्यम म्हणून मी लोकप्रशासन आणि आंतरराष्ट्रीय संबंध घेतले. का घेतले? खरं सांगायचं तर त्या वर्गात जगाचा नकाशा टांगलेला होता म्हणून. आमच्या केदारखेडा गावच्या शाळेतला नकाशा महाराष्ट्रावरच संपायचा. इथं मात्र भिंतभर निळा समुद्र. दुपारी तीनच्या तासाला खिडकीबाहेरच्या लिंबाची सावली त्या समुद्रावर हलायची, सर हळू आवाजात करार, तह, वाटाघाटी सांगत राहायचे, आणि मी डोळे उघडे ठेवून कुठल्या तरी थंड देशातल्या वकिलातीत जाऊन बसायचे. तिथंही माझ्या अंगावर हीच वायलची साडी असायची. पण लोक माझं ऐकायचे.

राहायला मी जालन्यातच, मस्तगडला, धाकट्या काकांकडं होते. ते कचेरीत कारकून. वडील गावाकडं शेती बघायचे. वडिलांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो, काकासुद्धा. मी दुसऱ्या वर्षाला असताना काकांनी आपल्या वाट्याचं रान दादांना न विचारता परक्याला बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर कसायला दिलं, आणि सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तो परका दादांशी भांडला. झालं! भावाभावांनी बोलणं टाकलं. काकूनं एकदा विचारलं, तुमच्या पुस्तकातलं ते शीतयुद्ध म्हणतेत ते हेच का गं? मी म्हटलं, हेच, फक्त तिकडं विहीर मोठी असते.

हसलो दोघी. पण हे असंच चाललं तर दादा मला त्या घरात ठेवणार नव्हते, आणि मस्तगड सुटलं की कॉलेज सुटलं, हे मला बराबर ठाऊक होतं.

त्याच सुमारास सर अलिप्ततेचं धोरण शिकवत होते. अलिप्त म्हणजे मुका नव्हे, ते म्हणाले, ज्याला दोन्हीकडं जाता येतं तो अलिप्त. ते वाक्य मी तंद्रीत इतक्यांदा घोळवलं की एका शनिवारी गावी गेल्यावर, बैलांना वैरण टाकणाऱ्या दादांना सहज बोलून गेले, काकांनी तुमची खुशाली विचारलीय. दादा थांबले. मग जेवताना अर्धी भाकरी जास्त खाल्ली. सोमवारी काकांना सांगितलं, दादांनी तुमची विचारली. काकांनी नुसतं "हं" केलं आणि पान न उलटता कितीतरी वेळ तेच वर्तमानपत्र धरून बसले. मग काय, माझी वकिलात सुरूच झाली. दर पंधरा दिवसांनी मी खोट्या खुशाल्या इकडून तिकडं नेत राहिले. लाज वाटायची, आणि थांबवत तर बिलकुल नव्हतं.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि दादा मस्तगडला आले. दारातच उभे राहिले. पोरीला न्यायला आलो, एवढंच म्हणाले. मी पिशवी भरून आणली. नकाशा, सर, तिसरं वर्ष, सगळ्यावर मनातल्या मनात पाणी सोडलं.

निघता निघता दादा काकांकडं वळले.

"दर पंधरा दिवसाला माझी खुशाली विचारतूस म्हणं. मंग गावाकडं येऊन का न्हाई विचारीत?"

काका गोंधळले. "मी? तुम्हीच तर माझी विचारून राह्यले ना, दादा."

मग दोघांनीही हळूच माझ्याकडं बघितलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

"हो," काका म्हणाले. "विचारीत होतो."

दादांनी घसा खाकरला. "मी बी."

आणि त्यांनी दारात चपला काढल्या. काकू चहाचं आधण ठेवायला निघाली, ती जाता जाता माझ्या हातातली पिशवी काढून आत घेऊन गेली.