मी माझ्याच बाईकसमोर उभी राहिले तेव्हा

आज बाईकला दोन जादा लाइट बसवल्या. आरे कॉलनीतल्या रस्त्यावर संध्याकाळी फार अंधार असतो. वायरिंग मला बाबानेच शिकवलंय, त्यामुळे फ्यूज, रिले, वेगळा स्विच, सगळं नीट जोडलं.

तरी धाकधूक होतीच. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपले तर? अंधार पडल्यावर बाबाला बाईकवर बसवलं, नव्या लाइट लावायला सांगितल्या आणि मी सोसायटीच्या गेटपाशी जाऊन उभी राहिले.

"बाबा, तू दिसतच नाहीयेस!"

"मला तर तू झकास दिसतेयस गं!"

मग पाना घेऊन दोन्ही लाइट खाली वळवल्या आणि परत गेटपाशी गेले. आता बाबा हसताना दिसला.

तुम्ही कधी आपल्याच गाडीसमोर उभं राहून पाहिलंय का?