ट्रॅक्टरचा सोमवार

देवाशपथ सांगतो, यातलं अक्षरन्‌अक्षर खरं आहे. म्हणजे, थोडं सोडून! माकणीच्या फाट्यावर आमच्या चहाच्या टपरीत किस्से उकिरड्यासारखे साचतात. मी आपल्या चार पाट्या उचलतो, एवढंच.

सध्या सगळे दत्तूअण्णांचे. भाड्यानं ट्रॅक्टर चालवून चालवून अण्णांची कंबर गेली. लोहाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस आडवे पडा, नाहीतर कायमचे पडाल!"

अण्णा टपरीत येऊन म्हणाले, "सोमवार महादेवाचा, म्हणून बैलं जुंपत नव्हतो. बैलांमागं आपल्याला बी सुट्टी व्हायची. बैलं इकली, सोमवार बी गेला. आता टॅक्टर बी सोमवारी जुंपायचा न्हाय!"

*

पहिल्या सोमवारी अण्णांनी ट्रॅक्टर धुतला, बॉनेटला हळदकुंकू लावलं.

मी म्हणालो, "अण्णा, पेंड घाला की!"

"डिझेल पाजलंय," अण्णा म्हणाले. "रवंथ करतोय."

*

दुसऱ्या सोमवारी बाजेवर पडल्या पडल्या अण्णा शेजारच्या रानात ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ओरडत होते, "आरं, गिअर बदल! रोटावेटर उचल!"

अण्णांची बायको, आमच्या कावेरीवहिनी, घरातून म्हणाल्या, "कंबरंला सुट्टी दिली, तोंडाला न्हाय व्हय?"

*

हे खूळ पसरलं. आमच्या शिवाजीला बायकोनं माहेरी सोडायला सांगितलं, तर म्हणाला, "आज गाडीचा सोमवार हाय!"

ती एसटीनं गेली. अजून आली नाही!

*

आणि मग तो सोमवार. आभाळ काळंकुट्ट. शिवाजीचं सोयाबीन कापून रानात पडलेलं. तो धावत अण्णांच्या दारात. मागोमाग आम्ही सगळे, गंमत बघायला.

"अण्णा, मळणी करून द्या! भिजलं तर हातचं जाईल!"

अण्णांनी बाजेची कड धरली. उठताना कंबरेत कळ आली, तोंड वाकडं झालं. कुणी हसलं नाही.

वहिनी चुलीपुढनं उठल्या. खुंटीवरची चावी घेतली, पदर खोचला.

"पडा! सोमवार टॅक्टरचा न्हाय, तुमच्या कंबरंचा हाय."

"आगं, तुला कुठं चालवता येतंय?"

"तुमी रोज टपरीत तासतासभर चहा पिता, तवा टॅक्टर काय दावणीला बांधलेला असतो व्हय?"

एका दमात स्टार्टर मारला, मळणीयंत्र ओढत रस्त्याला लागल्या. शिवाजी मागून पळतोय!

दिवस मावळताना परतल्या, तोंडावर भुसा. चावी खुंटीला लावली नाही, कनवटीला खोचली.

ढग तेवढे माझ्या पदरचे. त्या दिवशी आभाळ लख्ख होतं.