मावसाजींचा ‘बोगस’

अकोल्याच्या आमच्या मावसाजींइतका भांडखोर आणि त्यांच्याइतका निरुपद्रवी माणूस साऱ्या वऱ्हाडात सापडायचा नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावालाच वर्ग समजून बसले. लग्नपत्रिका आली तरी आधी लाल पेनानं शुद्धलेखन सुधारणार, मग मुहूर्त बघणार. मी एकदा अमरावतीहून रक्तदाब उतरवणारी तांब्याची अंगठी नेली. आठ दिवस घालून आणि आठ दिवस काढून त्यांनी दाब मोजला, आकडे कॅलेंडरवर लिहिले आणि निकाल दिला, “अंगठी चांगली हाय बाबू, बोट हिरवं करते.”

मग शेजारच्या काकूंनी मधुमेहाच्या एका काढ्यावर विसंबून इन्सुलिन सोडलं आणि साखर वाढून दवाखान्यात भरती झाल्या. मावसाजींनी कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘या काढ्याने साखर उतरते याला पुरावा नाही. काढा बोगस आहे.’ काकूंनी सुई पुन्हा सुरू केली. इकडे काढेवाल्यांच्या वकिलाची नोटीस आली : बोगस म्हणजे फसवणुकीचा आरोप, लेखी माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा दावा लावू.

मावसाजी हबकले. “आपल्याकडे बियाणं उगवलं नाई त बोगसच म्हनतात न? चोर कुठी म्हटलं मी?” सवयीनं त्यांनी नोटिशीतल्या चुका काढल्या, समासात लाल शाईनं ‘पुरावा?’ असंही लिहिलं, पण नोटीस मात्र कपाटात दडवली. दारात पोस्टमन थांबला की मावशी आधी पाकिटावरचं नाव वाची. मी धावत अकोल्याला गेलो, ओळखीचा वकील गाठला. तो म्हणाला, “सर, तुमी खरेच असान. पन ते सिद्ध करता करता वर्सं निघून जातीन.” मीही म्हणालो, मागून टाका माफी. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी माफी लिहून दिली, ग्रुपवरही टाकली. त्यातही एक वेलांटी सुधारली होती. ग्रुपवर काढ्याची जाहिरात आता रोज येते. मावसाजी ती वाचतात, काहीतरी टाइप करतात आणि पुसून टाकतात.

परवा मी तिथंच बसलो होतो. काकू दारात आल्या. “सर, तुमी माफी मांगली म्हनतेत लोकं. मंग काढा खरा हाय काय? सुई सोडू का?”

मागच्या बाकापर्यंत आवाज पोचवणारे मावसाजी उठले. त्यांनी दार लावून घेतलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, “सोडू नोका, बाई. पन मी सांगतलं असं कोनाले सांगू नोका.”