धुक्यातून बारशाला

आत्याशिवाय बारसं म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायला शेजारीण! छे. भावाचं पहिलं लेकरू. मी पहाटेच कसबा बावड्याहून गाडी काढली. वहिनीचं माहेर राधानगरीकडं, धरणाच्या पाण्यापल्याड. रस्त्यानं भलामोठा वळसा, म्हणून होडी गाठली. पाण्यावर पांढरंफटक धुकं.

"ताई, धुकं उठू द्या की," नावाडी तात्या म्हणाले.

"तोवर बारसं उरकंल!"

"मग बसा. पर चुकलो तर मला बोलायचं न्हाय."

मधोमध गेलो आणि दिशाच कळेना. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं तोरा होताच. फोनवर जीपीएस लावलं. उपग्रहांनी आमचा ठिपका झोकात दाखवला, पण रेंज नसल्यानं खाली नकाशाच उमटेना. कोऱ्या पाटीवर एक ठिपका! त्यात बॅटरी संपत आलेली. फोन बंद केला.

तात्यांच्या ट्रान्झिस्टरवर सांगलीचं केंद्र लागलं होतं. तो आडवा धरून गोल फिरवला की एका जागी आवाज अगदी बारीक होतो, बसतो. तेव्हा आतल्या अँटेनाच्या कांडीचं टोक केंद्राच्या मनोऱ्याकडं असतं. सांगली ईशान्येला, आम्हाला जायचं नैर्ऋत्येला. मनोऱ्याकडं पाठ करून निघालो.

काठ लागला. काठावर माझीच गाडी उभी!

"ह्यो गाव वळखीचा वाटतोय," तात्या गालात हसले.

मी कपाळाला हात लावला. कांडीला टोकं दोन! रेडिओ नुसती रेघ दाखवतो, सांगली कुठल्या टोकाला ते सांगत नाही. तिकडं पाळणा सजला असणार.

पुन्हा निघालो, आवाज बसलेला ठेवत. मध्येच फोन सुरू केला. ठिपका डावीकडं खाली, म्हणजे नैर्ऋत्येला सरकत होता. एवढं सांगून फोनने मान टाकली. पुढं रेडिओच्या रेघेवर थेट गाव.

"आली गं बया आत्या!" बायका ओरडल्या. पाळण्यात वाकून "कुर्र" केलं, नाव सांगितलं, आणि रिवाजाप्रमाणं पाठीत धपाधप बुक्के बसले. हसता हसता मला रडूच आलं.

परतताना लख्ख ऊन होतं. तात्यांनी रेडिओ माझ्यापासून लांब ठेवला.

"गाणी ऐकू द्या आता. बाळानं वळखलं का आत्याला?"

"व्हय की! एवढ्या गलक्यात बरोबर माझ्याकडंच मान वळवली."

"बघा! ना उपग्रह, ना मनोरा," तात्या वल्हं मारत म्हणाले, "तरी पोरगं टोक चुकलं न्हाय."