कवळीकाकांचा सर्व्हर

कवळीकाकांना गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, काका त्यावरून कवळ्या बनवतात. कामाच्या खोलीत एका भिंतीला फळ्या आहेत आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच जरा थबकतो. सगळ्यात वरच्या फळीवर एक लहानसा काळा डबा घरघरत असतो. काकूंनी त्याला जुन्या पडद्याच्या जाळीचं झबलं शिवून घातलंय, कारण प्लास्टरची धूळ आत गेली की डब्याचा पंखा कुरकुरतो, आणि मग काकाही कुरकुरतात. तो डबा म्हणजे काकांचा सर्व्हर. त्याचं नाव ‘गच्ची’.

गच्चीवर कुंड्यांमध्ये झाडं लावणारी माणसं राहतात. राहतात म्हणजे फोटो टाकतात, गप्पा मारतात, कोणाच्या मिरचीची फुलं गळाली तर मिळून हळहळतात. असे सर्व्हर ठिकठिकाणी आहेत, कोणी घरी मांडलेले, कोणी दुकानात, कोणी शाळेत, आणि तरी एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी खुशाल बोलू शकतो. सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला एक मालक मात्र नाही. काकांना हीच गोष्ट भारी आवडते. कवळी बसवून बघायला कोणी आलं की त्याला उत्तर देता येणार नाही अशा वेळी बरोबर गाठून ते हे सगळं समजावून सांगतात.

मालक नाही म्हटलं की कामं आपल्याच गळ्यात. डब्यात नवीन प्रोग्रॅम चढवायचा, रोजची नक्कल काढून ती डिस्क समोरच्या चांभाराच्या कपाटात ठेवायची, म्हणजे आग लागली तर दोन्ही एकदम जळायला नकोत. कोणी कोणाच्या गुलाबाला नावं ठेवली तर दोघांची समजूत घालायची. शिवाय पडद्यावरच्या सूचना मराठीत आणायच्या. हे काम काकांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. एकेका वाक्यासाठी ते काकूंचं डोकं खात, आणि काकू पोस्टात दिवसभर काउंटर सांभाळून आल्यावर हा छळ सहन करत.

या सगळ्या उठाठेवीत काकांचा खरा जीव अडकला होता तो एका चांदणीत.

कोणाचा फोटो आवडला की त्याखालची चांदणी दाबायची, अशी तिथली रीत. काका रोज सकाळी आपल्या एखाद्या कुंडीचा फोटो टाकत. थोड्या वेळाने त्याखाली त्यांच्या ताईची चांदणी उमटे. ताई दुसऱ्या गावी असते. ती ‘सूर’ नावाच्या सर्व्हरवर आहे. तो तिच्या गाण्याच्या बाई चालवतात. शब्द एकही नाही, नुसती चांदणी. काका ती बघून काकूंना म्हणत, “ताई उठली,” आणि कामाला लागत.

कारण ताई त्यांच्याशी बोलत नव्हती. मेहुणे शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांची कवळी काकांनीच केली होती. निरोपाच्या भाषणात मेहुण्यांचा गळा दाटून आला, त्यांनी मोठा श्वास घेतला, आणि वरची कवळी सुटून समोरच्या पाण्याच्या पेल्यात पडली. पडली ती पडली, तिचं कोणी मनावर घेतलं नसतं. पण पहिल्या रांगेत बसलेला त्यांचा सख्खा मेहुणा, म्हणजे आपले काकाच, खो खो हसला आणि त्याच्यामागे अख्खं सभागृह हसलं. ताईने त्या दिवसापासून काकांना फोन करणं बंद केलं. ज्या ताईचा हात धरून काका शाळेत गेले, तिचा आवाज ऐकून वर्षं उलटली. काकाही हट्टी. दुसऱ्याने आधी बोलावं, मग मी, असं म्हणत दोघंही बसून राहिले. राहिली ती चांदणी.

आता त्या सकाळचं. ‘सूर’वर कोणीतरी भामटा शिरला आणि तिथून गच्चीवरच्या प्रत्येकाला पोट कमी करायच्या गोळ्यांच्या जाहिराती धडाधड येऊ लागल्या. तक्रारींचा पाऊस पडला. निवृत्त बसकंडक्टर बाईंनी तर माझं पोट यांना कोणी दाखवलं, अशी थेट विचारणा केली. काकांचे हात प्लास्टरने भरलेले, डॉक्टरांचा माणूस दारात उभा. भामट्याला एकट्याला हाकलता आलं असतं. ‘सूर’ला थोडे दिवस गप्प करून ठेवता आलं असतं. पण माणूस लाख चांगला असला तरी जरा थांबून बघू हे काकांच्या स्वभावातच नाही. त्यांनी करंगळीने अख्ख्या ‘सूर’लाच बंदी घातली. पडद्यावर एक सूचना आली. काकांनी न वाचता ‘होय’ दाबलं, आणि माणसं सूचना वाचत नाहीत म्हणून हेच काका गिऱ्हाइकांवर डाफरतात.

दुसऱ्या दिवशी चांदणी आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आदल्या आठवड्यात फोटोत किडलेली दिसलेली जास्वंद आता फुलली होती, काकांनी तिचा फोटो टाकला, सगळ्या गच्चीने कौतुक केलं, पण काकांचं लक्ष लागेना. ताई आजारी असेल का, पडली असेल का, असलं नाही नाही ते मनात यायला लागलं. काकू म्हणाल्या, फोन करा. काका म्हणाले, बघू. कवळीचा एक दात उलटा बसवून झाला तेव्हा काकूंनी दुसऱ्यांदा सांगितलं, आणि काका दुसऱ्यांदा बघू म्हणाले.

मग गाण्याच्या बाईंचा ईमेल आला. भामट्याला कधीच हाकललंय, झाल्या त्रासाबद्दल माफ करा, आता आमच्यावरची बंदी उठवाल का, असं फार गोड भाषेत लिहिलं होतं. काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांनी घाईघाईने बंदी उठवली आणि आता सगळं पूर्ववत होईल म्हणून बघत बसले. काही झालं नाही. मग त्यांनी आपल्या मागे कोण कोण आहे, म्हणजे आपले फोटो रोज कोणाला पोचतात, ती यादी उघडून बघितली. त्यात ताई नव्हती. आपण ताईच्या मागे होतो, तेही पुसलं गेलं होतं.

बंदी घालताना आलेली सूचना त्यांनी आता शोधून वाचली. ‘तिथल्या माणसांशी जोडलेली सर्व नाती तुटतील. बंदी उठवली तरी ती आपोआप जुळणार नाहीत.’ हे मराठी वाक्य काकांनी स्वतः बसवलेलं होतं. ‘नाती’ हा शब्द तर त्यांनी काकूंशी तासभर वाद घालून ठेवला होता.

“तिला काय वाटलं असेल,” काका म्हणाले. “तिला एवढंच दिसलं असणार की भाऊ होता, आणि एके दिवशी नाही.”

काकूंनी यावर काही टोमणा मारला नाही, यावरूनच प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

नातं जुळवायला पुन्हा विनंती पाठवायची असते, आणि ताईचं खातं असं की ती स्वतः हो म्हणेल तेव्हाच दार उघडतं. काकांनी विनंती पाठवली. तिच्या नावापुढे ‘विनंती पाठवली आहे’ एवढे शब्द आले आणि तिथेच राहिले. काका जबडा घासता घासता मान वर करून बघत, शब्द जागच्या जागी. गाण्याच्या बाईंना सांगून ताईकडे शब्द टाकावा असंही त्यांच्या मनात आलं. पण आपल्या सर्व्हरवरच्या कोणाच्या घरच्या भानगडीत काकांनी कधी नाक खुपसलं नव्हतं, मग दुसऱ्या सर्व्हरवाल्याला ते करायला कोणत्या तोंडाने सांगणार? ही विनंती ताईने नाकारली तर पुढे चांदणीही नाही. एवढं मनात आलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि फोन लावला.

फोन उचलला जाताच काकांनी बोलायला सुरुवात केली.

“ताई, मी तुला काढलं नाही गं,” काका म्हणाले. “गोळ्यावाल्याला काढायला गेलो आणि तू गेलीस. आणि त्या दिवशी मी हसलो, ते चुकलंच माझं.”

मग ताईने आधी त्या जास्वंदीला कीड लागली होती ती गेली का, ते विचारलं. काका म्हणाले, गेली. मग ती म्हणाली की विनंती तिने आली त्याच दिवशी बघितली होती, आणि मुद्दामच तशी ठेवली होती. मेहुण्यांचंही तिने सांगितलं. कवळी अजून सुटते, पण त्यांनी दुसऱ्या कोणाला तोंडात हात घालू दिलेला नाही. घरात सूप आणि मऊ भात चालू आहे आणि त्याने तिचा जीव विटलाय. मागून मेहुणे काहीतरी म्हणाले, ते कवळी नसल्यामुळे कळलं नाही.

“मग ताई, ती विनंती तेवढी मान्य कर,” काका म्हणाले.

“मुळीच करणार नाही,” ताई म्हणाली. “विनंत्या परक्यांनी पाठवायच्या. ही बघ, आत्ता काढून टाकते. तू आधी घरी ये, माझ्यासमोर बस. चांदण्यांचं मग बघू.”

काकांनी पडद्याकडे बघितलं. ताईच्या नावापुढचे शब्द त्यांच्या डोळ्यांदेखत पुसले गेले. पोस्टातून नुकत्याच आलेल्या काकू दारातच थांबल्या आणि त्यांनी हळूच विचारलं, काय झालं विनंतीचं.

“नाकारली,” काका म्हणाले. चेहरा नुसता फुलला होता त्यांचा, आणि मोठी बॅग माळ्यावर आहे की पलंगाखाली, ते काकूंना विचारत होते.